प्रमिलाबाईची मशीन

आमच्या कारंजा घाडग्यात कोणाच्या घरी लग्न ठरलं की माणसं पत्रिका आणायला नागपूरला जातात, आणि कोणी मेलं की प्रमिलाबाईकडे. म्हणजे जायची. आता नाही.

यात नवल काही नाही. लग्नात निवडानिवडीची हौस असते, मोर पाहिजे की गणपती, मखमल पाहिजे की चकचकीत कागद. मरणाच्या घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं. एखादा लांबचा जावई ओसरीवर येऊन नाव, वय आणि तेरवीचा दिवस सांगायचा, आणि प्रमिलाबाई चष्मा नाकावर ओढून आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर मजकूर लावायची. काळी चौकट, वर कमळ, खाली ‘शोकाकुल’ आणि त्याखाली नावांची रांग. बटर पेपरवर एक प्रत निघायची, ती पुढे छापखान्यात जायची. गावातून हायवे जातो आणि हायवेवरून ट्रक जातात, त्यामुळे तिच्या कामात खंड असा कधी पडला नाही.

कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, यावरून घरोघरी भांडणं व्हायची. कोणत्या सुनेला गाळलं, कोणत्या भावाला शेवटी ढकललं, सारं तिला ठाऊक. पण ती तोंडानं कधी एक शब्द सांगायची नाही. मी गेलो की चहा ठेवायची, आणि माझी खुर्ची पडद्याकडे तोंड येईल अशी वळवून द्यायची. गावात मला बातम्यांचा नानाजी म्हणतात. त्यातल्या निम्म्या बातम्या त्या खुर्चीतल्या.

मी तिला छळायचोही. ‘‘वहिनी, माझी पत्रिका आताच लावून ठेवा. तारीख तेवढी मोकळी सोडा.’’

‘‘भाऊजी, तोंडाले काही हाड हाय का तुमच्या?’’ ती म्हणायची. ‘‘जित्या माणसाचं नाव मी या चौकटीत टाकत नाई. सांगून ठेवते.’’

तो तिचा नियम होता. कोणाचा बाप आठ-आठ दिवस श्वास मोजत पडलेला असो, घरची माणसं घाईला येवोत, जीव जाईपर्यंत ती बोट लावायची नाही. आणि पत्रिका लावून झाली की न चुकता हात-पाय धुवायची.

आता मोतीलाल. मोतीलाल म्हणजे तिचा नवरा आणि माझा लंगोटीयार. व्यापाऱ्याच्या घरात जन्मला आणि व्यापार त्याला कधी मानवला नाही. आधी भाड्याच्या सायकली आणल्या, मग व्हिडिओ कॅसेटी, मग एसटीडीचा बूथ. हा ज्या धंद्यात शिरे तो धंदा देशातूनच उठून जाई. मी म्हणायचो, ‘‘मोत्या, तू एकदा दारूच्या धंद्यात शीर बाप्पा. जिल्ह्यातली दारूबंदी खरी होऊन जाईन.’’ तो हसायचा. हसण्यात मात्र तो कधी कमी पडला नाही.

अखेर घरात चालला तो एकच धंदा, बायकोचा. लग्नाआधी ती आर्वीला टायपिंग शिकली होती. सत्त्याण्णव साली तिच्या भावानं, तो आता नाही, अमरावतीहून हा कॉम्प्युटर आणून दिला, त्यात मराठी अक्षरांचा प्रोग्राम टाकून दिला. दारावर पाटी लागली ‘मोतीलाल कॉम्प्युटर्स’. आणि मोतीलालला त्या मशीनवर ‘अ’ काढता येत नव्हता.

त्याच्याकडे काम एकच. सकाळी आंघोळ, मग देवपूजा, आणि पूजेवरून उठला की पंचा नेसूनच मशीन चालू करणं. तोवर प्रमिलाबाई आत चुलीजवळ. ती चहा घेऊन बाहेर यायची तेव्हा पडदा उजळलेला असायचा आणि मराठी अक्षरं हजर असायची. चालू करणं त्याचं, दिवसभर चालवणं तिचं, आणि संध्याकाळी बंद करणंही तिचं. दिवसा लाइन गेली-आली तरी पुन्हा चालू करायला त्यालाच हाक, आणि तेवढ्यात ती आत चहा टाकून यायची. विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर असतो तसा हा, म्हणून गावानं त्याला मोतीलाल स्टार्टर म्हणायला सुरुवात केली. नाव कोणी पाडलं ते विचारू नका.

त्याला त्याचं काही वाटत नसे. चारचौघांत मांडीवर थाप मारून म्हणायचा, ‘‘मी हाओ तोवर हिची मशीन चालते, नाना. मी गेलो का बंद.’’ आम्ही हसायचो. तीही हसायची.

गेल्या पोळ्यानंतरची गोष्ट. हायवेवरच्या हॉटेलात आम्ही दोघं चहा पीत बसलो होतो. मोतीलालनं बशीत चहा ओतला, बशी ओठांपर्यंत नेली आणि तशीच धरून राहिला. मला वाटलं, काही तरी चावट आठवलं असेल याला. मग बशी कलली.

सांगायला मीच गेलो. ती गिरड गावच्या कोणाची तरी पत्रिका लावत होती. मी म्हटलं, ‘‘वहिनी, मोतीलालले दवाखान्यात नेलं.’’ तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि दवाखान्याचं खोटं तिला तिथंच कळलं. हातातली ओळ पुरी केली, जतन केली, मशीन रीतसर बंद केली, आणि मग उठली. हे दारातून दोन बायांनी पाहिलं. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं की नवरा तिकडे मरून पडला अन् बाई मशीन बंद करत बसली होती.

रात्री उशिरा पुण्याहून तिचा मुलगा निकेश आणि सून हर्षा आले. सुतकात देवाला हात लावायचा नसतो, म्हणून माझ्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, देवघराचं दार ओढून घेतलं आणि वरून लाल कपडा बांधला. शुद्धी झाल्यावरच तो सुटायचा.

राख सावडून आल्यावर पत्रिकेची गोष्ट निघाली. निकेश म्हणाला, ‘‘आई, तू पडून राहा. मी मोबाइलवर करतो. दोन मिनिटांचं काम आहे.’’

‘‘साऱ्या गावाची मी लावली,’’ प्रमिलाबाई म्हणाली. ‘‘तुह्या बापाची मीच लावीन.’’

ती मशीनपुढे बसली, आणि बसूनच राहिली. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की ती बटण शोधून राहिली आहे. बंद करायचं ती आतून, कीबोर्डवरून करायची, आणि मग भिंतीवरचं बटण पाडायची. मशीनच्या डब्याचं बटण मागच्या अंगाला होतं, ते तिनं कधी दाबलंच नव्हतं. निकेशनं दाबून दिलं.

मशीन घरघरली. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं धावली आणि एका जागी थांबली. पुढे काही येईना. मराठीचं नाव नाही.

‘‘काय म्हणते ते?’’ तिनं विचारलं.

निकेशनं वाचलं. ‘‘अबॉर्ट, रिट्राय, फेल. म्हणजे सोडून देऊ, पुन्हा करून पाहू, की जमलं नाही म्हणू?’’

‘‘पुन्हा.’’

त्यानं पुन्हाचं बटण दाबलं. मशीन खर्र करून तोच प्रश्न विचारत राहिली. ती दर खेपेला ‘पुन्हा’ म्हणत राहिली. शेवटी हर्षानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या दिवशी माय-लेकाचं बोलणं माझ्यासमोरच झालं. निकेशचं म्हणणं, तेरवी झाली की आईनं पुण्याला यावं. पोरगा वाईट नाही. बाप गेल्याचं दुःख त्याला होतं, सुटी संपत आल्याचंही होतं. ‘‘इथं आता तुझं काय आहे, आई?’’

‘‘काम हाय.’’

‘‘हे?’’ त्यानं काळ्या पडद्याकडे बोट केलं.

‘‘मशीन चालू झाली तं मी राहीन,’’ ती म्हणाली. ‘‘नाई झाली तं तू म्हणशीन तसं.’’

दुसऱ्या दिवशी आर्वीहून रजतला बोलावलं. जुन्या मशीनी अजून उघडतो असा तो एकच माणूस त्या बाजूला उरलाय, चाळिशीचा, सदा सर्दी झालेला. त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. मशीन उठली की एक फाइल वाचते, त्यात वरून खाली ओळी लिहिलेल्या असतात. हे कर, मग हे कर. घरची बाई उठल्याबरोबर सडा, मग चूल, मग चहा करते तसं. एखाद्या ओळीशी अडली की तिथंच बसते. ‘‘काकू, आता मी तिले एक-एक ओळ विचारत जायले लावतो. कोठं अडते ते समजून जाईन.’’

पहिल्याच ओळीला मशीन म्हणाली, बॅड कमांड ऑर फाइल नेम.

रजत पुढे वाकला, नाक पुसलं आणि हसला. त्या घरात चार दिवसांत कोणी हसलं नव्हतं. ‘‘हे कोणी टाकलं, काकू? इंग्रजी अक्षरात ‘श्री गणेश प्रसन्न’ लिहिलं हाय. मशीनले वाटते, हे काही काम सांगून राह्यले. असं काम मले येत नाई म्हणते.’’

मला एकदम आठवलं. मशीन आली त्या आठवड्यात मोतीलाल एका बोटानं काही तरी ठोकत बसला होता. जन्मात टाइप केलेली त्याची ती एकच ओळ. श्रीगणेशाशिवाय सुरुवात कशी करायची, म्हणून फाइलीच्या डोक्यावर बसवून दिली. मला अभिमानानं सांगायचा, ‘‘नाना, मी रोज सकाळी गणपतीचं नाव घेतो अन् मशीन इंग्रजीत उत्तर देते.’’ सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मशीन रोज गणपतीला नाही म्हणत होती, आणि हा केळझरच्या गणपतीला जाऊन तिच्या नावानं नारळ फोडून यायचा.

‘‘काढून टाकू?’’ रजतनं विचारलं.

‘‘त्यानंच अडते का?’’

‘‘नाई. नाई म्हणून पुढे जाते ते.’’

‘‘मंग राहू दे,’’ प्रमिलाबाई म्हणाली.

रजत पुढच्या ओळीवर गेला. मशीन विचारायची, ही ओळ करू का, आणि तो हो म्हणायचा. सहा-सात ओळी सुरळीत गेल्या. मग फ्लॉपीच्या खाचेचा दिवा लागला, खर्र झालं, आणि तोच प्रश्न आला. सोडू, पुन्हा करू, की जमलं नाही म्हणू.

‘‘सापडलं,’’ रजत म्हणाला. ‘‘काकू, किल्ली कोठं हाय?’’

‘‘कोणती किल्ली?’’

‘‘किल्लीची फ्लॉपी. हे मराठीचे प्रोग्राम तवा असेच येत. एक फ्लॉपी संगं येते, तिची नक्कल होत नाई. मशीन उठली का एकदा तिले पाहते, मंगच अक्षरं देते. रोज सकाळी टाका लागते.’’

‘‘मी तं कधी नाई पाह्यली.’’

‘‘मंग काकाजी टाकत असतीन.’’

ती आत गेली आणि मोतीलालचे सदरे आणून त्यांचे खिसे उलटे करू लागली.

मग आम्ही सगळ्यांनी घर उलथून पाहिलं. कपाट, पेटी, गादीखाली, पानाचा डबा, माळ्यावरची कॅसेटींची खोकी. एका खोक्यात फ्लॉप्या निघाल्या. रजतनं एकेक घालून पाहिली. एकीत हिशेब, एकीत निकेशच्या लहानपणचा साप पळवायचा खेळ, बाकीच्या मेलेल्या. किल्ली त्यांत नव्हती. मनकर्णाबाई देवघराच्या बंद दाराला पाठ टेकून बसली होती आणि आम्हाला सांगत होती, ‘‘अरे, ते मोरीवरच्या फळीवर पाहा. बुढ्याईचा काही नेम नाई, कोठंही ठेवतेत.’’

रजतनं एक उपाय केला. ती ओळ मशीननं वाचूच नये अशी करून टाकली. मशीन आनंदानं पुढे गेली, प्रोग्रामही उघडला. प्रमिलाबाईनं चष्मा ओढला आणि नवऱ्याचं नाव टाइप केलं. पडद्यावर चौकोन आले, प्रश्नचिन्हं आली, एक इंग्रजी आर आला. तिनं ते पुसलं, पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.

‘‘किल्लीबिगर अक्षर नाई देत, काकू,’’ रजत म्हणाला. ‘‘बनवणारी कंपनी कवाचीच उठली. दुसरी आणाची तं कोठून आणाची?’’

पत्रिका शेवटी निकेशनंच केली, मोबाइलवर. रंगीत होती. मोतीलालच्या फोटोमागून उन्हाचे किरण निघत होते, आणि तो आपल्या भाच्याच्या लग्नातल्या फेट्यात हसत होता. एका दिवसात जिल्हाभर पोचली. लोक त्या पत्रिकेखाली हात जोडलेली चित्रं टाकत होते. प्रमिलाबाईनं ती एकदा पाहिली, मोबाइल परत दिला, आणि न सांगता मशीनवर पांघरूण टाकलं. निकेशनं भंगारवाल्याला तेरवीनंतरचा दिवस सांगून ठेवला.

शुद्धी झाली. भटजी गेले. मनकर्णाबाईनं देवघराचा लाल कपडा सोडला आणि हर्षा चिंचेचा कोळ घेऊन देव घासायला बसली. मी ओसरीत, बाहेर जेवणाच्या भांड्यांचा खणखणाट. आतून हर्षाचा आवाज आला, ‘‘आई, हे काय आहे?’’

गणपतीच्या पाटाखाली, लाल फडक्यात नीट गुंडाळलेली, काळी चौकोनी फ्लॉपी. वर हळद-कुंकवाची बोटं. एकावर एक, वर्षावर्षांची, वाळून पापुद्रा झालेली. दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात, हा तिला रोज पुजत होता. पूजा झाली की उचलायची, मशीनला दाखवायची, पुन्हा पाटाखाली ठेवायची. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात.

निकेश म्हणाला, ‘‘म्हणजे इतके दिवस...’’ आणि देवघराकडे बघत राहिला. मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला.

प्रमिलाबाईनं फ्लॉपी हातात घेतली. पदरानं पुसली, विशेषतः कडेची पत्र्याची पट्टी. मशीनवरचं पांघरूण काढलं. रजतनं बंद केलेली ओळ कशी उघडायची ते तिनं त्याला फोनवर विचारून घेतलं, एकेक अक्षर सांगून. मग मागे हात घालून बटण स्वतः दाबलं.

गणपतीला मशीन नाही म्हणाली. पुढच्या ओळी गेल्या. दिवा लागला, खर्र झालं, थांबलं, आणि पुन्हा खर्र झालं. मग पडद्यावर मराठी अक्षरं आली.

निकेशनं सुस्कारा सोडला. आईसाठी खरोखर बरं वाटलं असावं त्याला. ‘‘झाली बघ चालू,’’ तो म्हणाला. ‘‘मी भंगारवाल्याला नाही म्हणून सांगतो.’’

‘‘तुह्या गाडीत जागा हाय ना?’’ ती पडद्याकडेच पाहत म्हणाली. ‘‘येते मी.’’

‘‘पण तू म्हणाली होतीस, चालू झाली तर...’’

‘‘म्हणाली होती. तवा मी समजत होती का मशीन माह्यी होय.’’

मग बोलायला मीच उरलो. म्हटलं, ‘‘वहिनी, मोत्याचा काही धंदा जमला नाई जन्मात. तुमच्या कामात आपलाही हात असावा, असं वाटलं असन त्याले. मनानं वाईट नव्हता.’’

‘‘हात असावा म्हणून मले पांगळी ठेवली?’’

‘‘तसं नाई...’’

‘‘त्याईनं सांगितलं असतं तरी रोज चालू त्याईलेच करू दिली असती मी,’’ ती म्हणाली. ‘‘एवढंही समजलं नाई त्याईले. एका घरात राहून.’’

मी उठून बाहेर भांड्यांपाशी गेलो.

तेरवी झाली. जेवणावळ उठली, गाव घरी गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा निकेश गाडीत सामान भरत होता आणि ती मशीनपुढे बसलेली. माझी खुर्ची नेहमीच्या जागी, पडद्याकडे वळवलेली. मी बसलो. काळी चौकट आली. कमळ आलं. मला वाटलं, मोतीलालची लावते आहे, उशिरा का होईना. बरं वाटलं मला.

मग नाव उमटलं. कैलासवासी प्रमिलाबाई मोतीलाल.

वयाची जागा मोकळी. तारखेची मोकळी. तेरवीचा दिवस मोकळा. खाली शोकाकुल, पहिलं नाव निकेशचं, मग हर्षाचं. मनकर्णाबाईचं होतं. सगळ्यांत शेवटी माझं. चुकून नाही, अशा नावांच्या क्रमात ती कधी चुकत नसे.

प्रिंटरमधून बटर पेपर सरसरत बाहेर आला. तिनं तो शाई वाळेपर्यंत हातात धरला आणि मला दिला. ‘‘तारीख मोकळी ठेवली हाय. तुम्हीच म्हणत होते ना.’’

मला थट्टा सुचते. मयताच्या घरातही सुचते, त्यासाठी मनकर्णाबाईच्या शिव्या खाल्ल्या आहेत. तेव्हा सुचेना. म्हटलं, ‘‘वहिनी, मी तुमच्याहून मोठा हाओ. नंबर आधी माझा लागते.’’

‘‘मंग तुमची निकेश मोबाइलवर करून देईन,’’ ती म्हणाली. ‘‘किरणं टाकून.’’

तिनं मशीन रीतसर बंद केली. घरघर पुरी थांबेपर्यंत वाट पाहिली, मग भिंतीवरचं बटण पाडलं. हात-पाय धुऊन आली. हर्षा देवघरातले देव तांदळाच्या डब्यात नीट बसवून घेत होती, पुण्याला न्यायला. तिनं विचारलं, ‘‘आई, ती फ्लॉपी?’’

‘‘ते जिथं होती तिथं राहू दे.’’

गाडी अमरावतीकडच्या रस्त्याला लागली. भंगारवाला आला तेव्हा दाराला कुलूप होतं. त्यानं पाटी वाचली आणि निघून गेला. कुलपाची किल्ली आमच्याकडे असते. मनकर्णाबाई संध्याकाळी जाऊन तिथं दिवा लावून येते. एकदा मी म्हटलं, ‘‘देव तं पुण्याले गेले. दिवा कोणाले दाखवतं तू?’’

‘‘रिकामं देवघर अंधारात ठेवू नाई,’’ ती म्हणाली, आणि वाती वळत राहिली.